वीस मिनिटे आणि सहा तास

वाशिम जिल्ह्याचे क्षेत्रफळ ४,८९८ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ९७ हजार १६०, आणि शंभरातली ऐंशीहून अधिक माणसे खेड्यात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. ११ कोटी २४ लाखांच्या राज्यात ९३७ गाड्या म्हणजे एक लाख वीस हजार माणसांमागे एक. याच प्रमाणात वाटणी केली तर वाशिमच्या वाट्याला दहा गाड्या येतात आणि प्रत्येक गाडीच्या पदरी ४९० चौरस किलोमीटरचा मुलूख पडतो.

एवढ्या क्षेत्रफळाचे वर्तुळ काढले तर त्रिज्या साडेबारा किलोमीटर भरते. गाडी बरोबर मध्यावर उभी आहे असे धरू. वर्तुळातल्या घरांपर्यंतचे सरासरी अंतर त्रिज्येच्या दोन तृतीयांश, म्हणजे सव्वाआठ किलोमीटर, पण ते पाखराच्या उडण्याचे. रस्ता नाल्याला, टेकडीला आणि दुसऱ्याच्या वावराला वळसा घालून जातो. त्यासाठी तीस टक्के मिळवले की अकरा किलोमीटर होतात. ताशी चाळीसचा वेग मिळाला तर सोळा मिनिटे. फोन लागणे, पत्ता समजणे, गाडी निघणे यांची चार. (पत्ता समजायला चार मिनिटे कशाला, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी: जिल्ह्यात शेलू नावाचे गाव एकच नाही, आणि फोन उचलणारा माणूस पुण्यात बसलेला असतो.) एकूण वीस मिनिटे. सेवेने स्वतःपुढे ठेवलेले उद्दिष्टही याच पट्ट्यातले आहे: शहरात वीस मिनिटे, ग्रामीण भागात तीस.

हा हिशेब गाडी मोकळी आहे असे धरून केलेला आहे. वाशिमहून अकोला ऐंशी किलोमीटर. ‘पेशंट अकोल्याले न्या’ असे एकदा कुणी म्हटले की जाणे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुग्ण सोपवणे आणि परतणे यात गाडीचे चार तास सहज जातात. तेवढा वेळ तिच्या वर्तुळात कुणी नसते. शेजारच्या वर्तुळातली गाडी येते आणि वीसची चाळीस मिनिटे होतात.

या वीस मिनिटांना घट्ट धरून पुढचे वाचायचे आहे. कारण माझे म्हणणे एवढेच आहे की वाशिमसारख्या जिल्ह्यात हृदयक्रिया बंद पडणे आणि शॉक या दोन गोष्टींची घड्याळे निराळी आहेत. एकीचे मिनिटांवर चालते, दुसरीचे तासांवर. दोन्हींना एकच उत्तर, म्हणजे आणखी रुग्णवाहिका, दिले की पहिलीत पैसा वाया जातो आणि दुसरीत माणसे.

पहिले घड्याळ

हृदयक्रिया बंद पडणे म्हणजे हृदयविकाराचा झटका नव्हे. झटक्यात हृदयाच्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. माणूस घामाघूम होतो, छाती धरतो, पण बोलत असतो. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा माणूस कोसळतो आणि हाकेला ओ देत नाही. पुष्कळदा झटक्याचे पर्यवसान यात होते. अशा वेळी हृदय अनेकदा थांबलेले नसते, ते नुसते थरथरत असते. विजेचा धक्का देऊन ती थरथर मोडली तर ठोके परत सुरू होऊ शकतात.

यात वेळेचा भाव ठरलेला आहे. छातीदाबही नाही आणि विजेचा धक्काही नाही, अशा स्थितीत जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घसरते. दहाव्या ते चौदाव्या मिनिटाला हाती काही उरत नाही. आपली गाडी विसाव्या मिनिटाला येते. पण कोणी छाती दाबत राहिले तर हीच घसरण मिनिटाला तीन ते चार टक्क्यांवर येते आणि विसाव्या मिनिटालाही थोडीफार शक्यता शिल्लक असते. गाडीच्या येण्याला अर्थ येतो तो या शिल्लकीमुळे, आणि ती शिल्लक ठेवणे गाडीच्या हातात नाही.

जिल्ह्यात असे प्रसंग किती घडत असावेत? जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज २०१० साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार दवाखान्याबाहेर हृदयक्रिया बंद पडण्याचे प्रमाण लाख प्रौढांमागे वर्षाला सरासरी ५५ आहे. वाशिममध्ये प्रौढ आठ लाख धरले तर वर्षाला ४४०, म्हणजे रोज एकाहून थोडे अधिक. याच गोळाबेरजेत दवाखान्यातून घरी परतणाऱ्यांचे प्रमाण युरोपात ९ टक्के, ऑस्ट्रेलियात ११ टक्के आणि आशियात २ टक्के आहे. आशियाच्या दराने ४४० पैकी नऊ जण वाचतात.

आणखी एक आकडा त्याच पानावरचा. गाडी पोहोचली तेव्हा हृदय थरथरत होते, म्हणजे विजेच्या धक्क्याने सुधारण्याजोगे होते, असे रुग्ण युरोपात ३५ टक्के, आशियात ११ टक्के. यावरून आशियाई हृदयांची जातकुळी वेगळी असे समजण्याचे कारण नाही. थरथर काही मिनिटांत मंदावते आणि आलेखावर सरळ रेषा येते. गाडी जितकी उशिरा, तितक्या सरळ रेषा जास्त. तेव्हा या ११ टक्क्यांतला बराच भाग रोगाने नव्हे, उशिराने घडवलेला असणार.

आता स्वयंचलित धक्कायंत्राचा, म्हणजे एईडीचा, विषय. प्रत्येक गावात एक यंत्र बसवा, अशी मागणी अधूनमधून होते. जिल्ह्यात गावे आठशेच्या आसपास. यंत्र लाखाच्या घरातले, म्हणजे आठ कोटी. ४४० पैकी ११ टक्के म्हणजे ४८ रुग्ण धक्क्याजोगे. ते आठशे गावांत वाटले तर एका यंत्राला आपला रुग्ण भेटायला सरासरी सोळा-सतरा वर्षे लागतात. छातीला चिकटवायच्या पट्ट्या दोनेक वर्षांत कालबाह्य होतात, बॅटरी चार-पाच वर्षांत. रुग्ण येईपर्यंत पट्ट्यांचे नववे पाकीट चालू असेल, तेही कुणी आठवणीने बदलले तर. ग्रामपंचायतीच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते हा प्रश्न मी मुद्दाम विचारत नाही.

यंत्र वाईट नाही, त्याची जागा चुकते. लास वेगासच्या जुगारघरांत पहारेकऱ्यांना हे यंत्र वापरायला शिकवले गेले आणि २००० साली त्याचे निष्कर्ष आले. हृदयाची थरथर होती असे १०५ जण, त्यातले ५३ टक्के जगले. कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत धक्का मिळालेल्यांत हे प्रमाण ७४ टक्के होते, त्यानंतर मिळालेल्यांत ४९. जगातल्या कुठल्याही अतिदक्षता विभागाला हेवा वाटावा असे हे आकडे जुगारघरातून आले, कारण तिथे गर्दी असते, कॅमेरे असतात आणि पहारेकरी जागा असतो. वाशिममध्ये या वर्णनात बसणाऱ्या जागा मोजक्या आहेत: रामनवमीच्या यात्रेतले पोहरादेवी, कारंजाचे गुरुमंदिर, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, वाशिमचे रेल्वे स्थानक आणि बसस्थानक, बाजार समितीचे आवार. तिथे आठशे नव्हे, वीस-पंचवीस यंत्रे पुरतात.

औषधांचा आकडा याहून बोलका आहे. ब्रिटनमध्ये ८,०१४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना अॅड्रेनालिन दिले, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. तीस दिवसांनी जिवंत ३.२ टक्के विरुद्ध २.४ टक्के. औषधाने जीव वाचले, पण वाचलेल्यांत मेंदूला गंभीर इजा झालेले अॅड्रेनालिनच्या गटात ३१ टक्के निघाले आणि दुसऱ्यात १७.८ टक्के. याच संशोधकांनी तुलनेसाठी एक हिशेब मांडला. एक मृत्यू टाळायला अॅड्रेनालिन ११२ जणांना द्यावे लागते, शेजाऱ्याने छातीदाब १५ जणांना, वेळेत ओळख ११ जणांची, आणि विजेचा लवकर धक्का ५ जणांना. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरपेक्षा पहिल्या मिनिटाला हात लावणारा शेजारी सातपटीहून उपयोगी, असा या आकड्यांचा सरळ अर्थ. नातेवाईक मात्र ‘इंजेक्शन दिलं का?’ हेच विचारतात, आणि डॉक्टरही तेच लिहून ठेवतो.

मग शेजारी हात का लावत नाही? भीती आहेच, पण एक कारण शारीरिक आहे. कोसळलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पहिली काही मिनिटे आचके देतात. तोंड उघडून, घोरल्यासारखा आवाज करत, दहा-पंधरा सेकंदांनी एखादा. भोवतालची माणसे म्हणतात, ‘श्वास चालू आहे’, आणि चपला नाकाला लावणे, कांदा हुंगवणे, तळपाय चोळणे सुरू होते. तो श्वास नसतो. दवाखान्याच्या कागदावर त्याला ‘गॅस्पिंग’ लिहितात. हाकेला ओ नाही आणि श्वास सरळ नाही, एवढे दिसले की छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, कोपर न वाकवता, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत दाबणारा दमतो, म्हणून माणूस बदलायचा. बरगडी मोडली असे वाटले तरी थांबायचे नाही.

पुण्यातला फोन उचलणारा माणूस इथे उपयोगाला येतो. गाडी वीस मिनिटांनी पोहोचते, आवाज वीस सेकंदांत. ‘फोन स्पीकरवर टाका, छातीवर हात ठेवा, माझ्याबरोबर मोजा’ एवढी सूचना मराठीत, जमल्यास वऱ्हाडीत, देता आली तर पहिल्या घड्याळातली सर्वांत स्वस्त मिनिटे वाचतात. प्रगत देशांत हे रोज चालते.

डेन्मार्कने काय केले ते वर्षांसकट पाहण्यासारखे आहे. २००५ पासून शाळेत छातीदाबाचे प्रशिक्षण सक्तीचे, २००६ पासून वाहन परवाना काढताना सक्तीचे. २००१ साली भोवतालच्या माणसांनी छातीदाब दिल्याचे प्रमाण २१.१ टक्के होते, २०१० साली ४४.९. तीस दिवस जगणारे ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर गेले. त्या काळात लोकांनी यंत्राने धक्का दिल्याचे प्रमाण मात्र १.१ वरून २.२ टक्के एवढेच वाढले. सुधारणेची सगळी कारणे एका आकड्यात सापडत नाहीत, दवाखान्यातले उपचारही त्या दहा वर्षांत सुधारले. तरी वाढ हातांमुळे जास्त आणि यंत्रांमुळे कमी, हे दिसते. वाशिमच्या ४४० ला डेन्मार्कचा २०१० चा दर लावला तर नवाच्या जागी सत्तेचाळीस वाचतात. अडतीस माणसे जास्त.

एक गट वेगळा काढायला हवा. देशात दरवर्षी विजेच्या धक्क्याने बारा हजारांवर माणसे मरतात. रात्रीची वीज, ओले वावर, मोटारीचा उघडा स्टार्टर, रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेला करंट ही इकडची नेहमीची कारणे. मरणारा बहुधा तिशी-चाळिशीतला आणि त्याचे हृदय मुळात निरोगी असते, फक्त थरथरलेले. आधी वीज बंद, मग लगेच छातीदाब, हा क्रम ज्या घरात माहीत आहे तिथे शक्यता साठीतल्या हृदयरोग्याहून चांगली. बुडालेला, मण्यार चावलेला, लहान मूल यांचे गणित मात्र निराळे: त्यांचा आधी श्वास बंद पडतो, हृदय मागून. तिथे नुसत्या छातीदाबावर भागत नाही, ३० दाबांमागे दोन श्वास द्यावेच लागतात.

दुसरे घड्याळ

दवाखान्याच्या भाषेत शॉक म्हणजे विजेचा धक्का नव्हे आणि बातमी ऐकून बसतो तोही नव्हे. शरीराच्या पेशींना पुरेल एवढे रक्त पोहोचत नाही ती अवस्था. रक्त सांडले म्हणून, हृदय दुबळे पडले म्हणून, जंतुसंसर्गाने नसा सैल पडल्या म्हणून, औषधाची किंवा दंशाची तीव्र प्रतिक्रिया आली म्हणून. यातला माणूस जागा असतो, पाणी मागतो, अस्वस्थ असतो. हात गार, नाडी धावती. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे. पुढे दवाखान्यात परिचारिका म्हणते, ‘सर, बीपी लागत नाही.’ या दोन वाक्यांमध्ये बहुधा काही तास गेलेले असतात. त्या तासांत काही केले नाही तर शेवट हृदयक्रिया बंद पडण्यातच होतो, आणि मग पहिले घड्याळ सुरू होते, तेही हरलेल्या डावाने.

झटक्याचे उदाहरण घेऊ. भारतातल्या ८९ रुग्णालयांतल्या २०,४६८ रुग्णांची नोंद २००८ साली प्रसिद्ध झाली. छातीत दुखू लागल्यापासून दवाखाना गाठेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटे. सहा तास! दवाखान्यात पोहोचल्यावर गुठळी विरघळवणारे औषध मिळायला लागले ५० मिनिटे. म्हणजे सात तासांतले सहा घर, गल्ली, गॅसची गोळी, सोडा आणि ‘सकाळी पाहू’ यांत गेले. त्याच अभ्यासात गरीब रुग्णांतला मृत्युदर ८.२ टक्के आणि श्रीमंतांतला ५.५.

या सहा तासांत काय मिळू शकते, हे १९८८ पासून ठाऊक आहे. १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत पाच आठवड्यांचा मृत्युदर असा निघाला: अॅस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही नसलेल्यांत १३.२ टक्के, दोन्ही मिळालेल्यांत ८ टक्के. नुसत्या अॅस्पिरिनने ११.८ चे ९.४ झाले. हजारी चोवीस जीव, तेही रोजच्या अर्ध्या गोळीने. यातले अॅस्पिरिन कुठल्याही उपकेंद्रात असते. हृदयाचा आलेख काढणे, तो फोनवरून तज्ज्ञाला दाखवणे आणि तालुक्याच्या ठिकाणीच गुठळीचे औषध देणे हे अशक्य कोटीतले नाही. महाराष्ट्राने २०२१ साली याच पद्धतीचा प्रकल्प काही जिल्ह्यांत सुरू केला. आधी औषध, मग अकोला, हा क्रम उलटा झाला की ऐंशी किलोमीटर हृदयाच्या स्नायूतून वजा होतात. स्नायू फार गेला तर हृदयाचा शॉक येतो, आणि त्यात आजही, मोठ्या शहरात, सगळी यंत्रे लावून, शंभरातले चाळीस-पन्नास दगावतात.

बाळंतपणातला रक्तस्राव हे याहून मोठे प्रकरण. राज्याचा जन्मदर हजारी पंधराच्या आसपास. त्यावरून वाशिममध्ये वर्षाला अठरा हजार बाळंतपणे. प्रसूतीनंतर अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जाण्याचे प्रमाण जगभर सहा टक्क्यांच्या आसपास धरतात, म्हणजे जिल्ह्यात हजारावर बाया. हृदयक्रिया बंद पडणाऱ्या ४४० च्या दुपटीहून जास्त. महाराष्ट्राचा मातामृत्यू दर २०१८ ते २० या काळात लाखामागे ३३ होता, देशाचा ९७, तेव्हा राज्याने यात पुष्कळ कमावले आहे. तरी उरलेल्यांतला रक्तस्राव हा सुरू झाल्यापासून साधारण दोन तासांत जीव घेऊ शकतो.

केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत दोन लाख दहा हजार स्त्रियांवर झालेला प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. नवे औषध एकही नाही. मापाची खूण असलेली प्लास्टिकची पिशवी अंगाखाली ठेवून रक्त मोजायचे, आणि ठरावीक माप ओलांडले की गर्भाशय चोळणे, गर्भाशय आवळणारे औषध, रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळे एकापाठोपाठ नव्हे, एकदम. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. परका दर जसाच्या तसा इथे लागू होणार नाही, पण अठरा हजारांवर २.७ टक्के म्हणजे किती, हे वाचकाने करून पाहावे. पाचशेच्या जवळ जाते. मुख्य फरक मोजण्यातून आला. डोळ्यांनी अंदाज करणारा अनुभवी माणूसही रक्त निम्म्याने कमी सांगतो.

उपकेंद्रातल्या ताईंना प्रयोगशाळा लागत नाही, असे सांगणारे आणखी दोन आकडे. एक, नाडी भागिले वरचा रक्तदाब. नाडी ७०, दाब ११० असेल तर ०.६, ठीक. समजा संध्याकाळी बाळंत झालेल्या बाईची नाडी ११८ आणि वरचा दाब ९६ आहे. दाब एकटा पाहिला तर ‘थोडा कमी आहे, चालेल’ म्हणून फाइल बंद होते. भागाकार केला तर १.२ येतो, आणि ०.९ च्या वर धोका मानतात. भागाकारही नको असेल तर नाडीचा आकडा दाबाच्या वरच्या आकड्याला ओलांडतो का, एवढे बघितले तरी पुरे.

दुसरा आकडा बोटाचा. बोटाचे टोक दहा सेकंद दाबून पांढरे करायचे आणि सोडल्यावर लाली परतायला तीन सेकंदांहून जास्त लागतात का ते मोजायचे. दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत जंतुसंसर्गाच्या शॉकमधल्या ४२४ रुग्णांपैकी निम्म्यांचे उपचार या बोटाच्या चाचणीवर चालवले, निम्म्यांचे रक्तातल्या लॅक्टेट या रसायनाच्या तपासणीवर. अठ्ठावीस दिवसांचा मृत्युदर बोटवाल्या गटात ३४.९ टक्के, प्रयोगशाळावाल्या गटात ४३.४. संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीवर हा फरक थोडक्यात नापास झाला, म्हणून बोट श्रेष्ठ ठरले असे म्हणता येत नाही. ते कमी पडत नाही, इतके मात्र नक्की म्हणता येते, आणि त्याची किंमत शून्य आहे.

सलाईनबद्दल थोडे कडू बोलायला हवे. आपल्याकडे सलाईन हे औषध कमी आणि समाधान जास्त. आफ्रिकेतल्या ३,१४१ तापाने गंभीर मुलांवर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झटपट सलाईन सोडलेल्या मुलांत दोन दिवसांतले मृत्यू १०.५ टक्के निघाले आणि न सोडलेल्यांत ७.३. जुलाब-उलटीची, भाजलेली, अपघातातली मुले त्या चाचणीत नव्हती. त्यांना पाणी लागतेच. पण दुबळ्या हृदयाच्या शॉकमध्ये दोन बाटल्या जोरात सोडल्या की फुप्फुसात पाणी भरते, आणि नातेवाईक शपथेवर सांगतात की ‘सलाईन लावली तेव्हा बरे होते’. कोणत्या शॉकमध्ये पाणी द्यायचे आणि कोणत्यात रोखायचे, हे ठरवणे इथे औषधापेक्षा महाग असते.

याचे आपल्या मातीतले सर्वांत चांगले उदाहरण कोकणातले आहे, माणूस मात्र जालन्याकडचा. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाने डसलेली धडधाकट माणसे आणि मुले काही तासांत घामाने निथळून, हातपाय गार पडून, तोंडाला फेस येऊन मरत होती. गंभीर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात होते. बावस्कर रुग्णाशेजारी बसून नाडी, दाब, घाम, उलटी यांच्या नोंदी करत राहिले. आधी विषाने शरीरातली ताण वाढवणारी रसायने उसळतात, नसा आवळतात, मग आवळलेल्या नसांविरुद्ध पंप करताना हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते, हा क्रम त्यांनी पकडला. कोणता रुग्ण बिघडणार याची पूर्वलक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. पुढे रक्तदाबाची साधी गोळी, प्राझोसिन, ते वापरू लागले. गार पडलेल्या रुग्णाला नसा सैल करणारी गोळी देणे त्या काळी उलटेच वाटले असणार. मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०११ साली त्यांनीच ७० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली: दहा तासांत पूर्ण बरे झालेले नुसत्या प्राझोसिनवर २२.९ टक्के, सोबत विंचवाची प्रतिविष लस दिल्यावर ९१.४. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शॉकमधला हा बहुधा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा शोध, आणि तो लागला तेव्हा हाताशी होते रक्तदाबाचे यंत्र, घड्याळ आणि वही.

वाशिमला लागून असलेल्या यवतमाळात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले. सेंद्रिय फॉस्फरसच्या कीटकनाशकांत छातीत स्राव भरतात, नाडी मंदावते, दाब पडतो. उतारा अॅट्रोपिन, आणि प्रश्न मात्रेचा. बांगलादेशातल्या दीडशेवर रुग्णांच्या चाचणीत जुन्या पद्धतीने ठरावीक मात्रा देत राहिलेल्यांत २२.५ टक्के मृत्यू झाले, आणि दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत छाती मोकळी होईपर्यंत दिलेल्यांत ८ टक्के. औषध तेच. आता साठ्याचा हिशेब: ०.६ मिलिग्रॅमच्या तीन कुप्यांनी सुरुवात, मग सहा, बारा, चोवीस. पंधराव्या मिनिटाला ४५ कुप्या संपलेल्या असतात, एका रुग्णासाठी. सोयाबीन-कपाशीच्या पट्ट्यातल्या आरोग्य केंद्रात ऑगस्टमध्ये किती कुप्या आहेत, हे औषधनिर्मात्याने मोजून फळ्यावर लिहावे.

समृद्धी महामार्गाचे सुमारे ९७ किलोमीटर या जिल्ह्यातून जातात, आणि तिथला शॉक रक्तस्रावाचा. २० हजारांवर जखमींच्या चाचणीत ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडने मृत्युदर १६ वरून १४.५ टक्क्यांवर आणला. फायदा पहिल्या तीन तासांतच, लवकर तितका जास्त. त्याआधीचे काम, वाहत्या जखमेवर घट्ट दाबून धरण्याचे, धाब्यावरच्या पोराचेही आहे. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीपासून मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांतून संरक्षण आहे. ते फारसे कुणाला माहीत नाही.

या सगळ्याला माणसे कुठली आणायची? २०२४ साली राज्यात जी दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये मंजूर होऊन सुरू झाली त्यांत वाशिम आहे, १०० जागांचे. साडेचार वर्षे शिकून पहिली तुकडी २०२९ च्या सुमारास इंटर्न होईल. जिल्ह्यात नववीच्या वयाची मुले-मुली ढोबळमानाने वीस हजार. डेन्मार्कप्रमाणे प्रत्येकाला छातीदाब शिकवायचा ठरवला, आणि ते काम इंटर्नशिपच्या वेळापत्रकात रीतसर लिहिले, तर एका इंटर्नच्या वाट्याला वर्षात दोनशे विद्यार्थी येतात. आठवड्याला चार.